हन्नाबाईंनी वाचलेला शब्द

दारव्ह्याच्या तहसील कचेरीसमोर हन्नाबाई खडसे यांचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, तीत टेबल, संगणक, खरखरणारा प्रिंटर आणि बाहेर दोन खुर्च्या. उत्पन्नाचा दाखला, वारसाची नोंद, बांधाचं भांडण, पोलिसात द्यायची तक्रार, जे काही असेल ते लोक येऊन तोंडी सांगतात आणि हन्नाबाई ते कचेरीच्या मराठीत बसवून देतात. बायका आल्या की खुर्ची आत ओढून घेतात. नवरा काय काय बोलला ते सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. काही जणी तर नुसते ओठ हलवतात. हन्नाबाई समजून घेतात आणि टाइप करतात, 'अश्लील शिवीगाळ केली.' एवढ्या वर्षांत त्या दोन शब्दांच्या पांघरुणाखाली किती जणींचं काय काय झाकलं गेलं, ते त्यांनाच ठाऊक.

शिवीची त्यांना लहानपणापासून भीती वाटे. वडील वामनराव जुन्या काळचे प्रचारक, सायकलवर गावोगाव जाऊन येशूची गोष्ट सांगणारे. घरात कुणी आवाज चढवायचा नाही, आणि वाईट शब्द तर उंबरा ओलांडून आत यायचाच नाही. लहानपणी हन्नाने शाळेतून एक शब्द उचलून आणला आणि अर्थ ठाऊक नसताना जेवताना भावाला म्हटला. वामनरावांनी मारलं नाही. त्यांनी तिला परसात नेऊन मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या. मग मांडीवर घेऊन अगदी मायेने सांगितलं की तोंडातून गेलेला शब्द कुठेच नाहीसा होत नाही बाई, शेवटच्या दिवशी देव तो सगळ्यांसमोर पुन्हा ऐकवतो. मारलं असतं तर पोर विसरून गेली असती. मायेने सांगितलेलं मात्र मनात जाऊन बसलं.

हन्नाबाईंनी लग्न केलं नाही. आई गेली, भाऊ नागपूरला गेला, वडील थकले. गिऱ्हाईक नसलं की त्या गोष्टी लिहीत. यवतमाळात चर्चच्या महिला मंडळाचा वर्षातून एकदा मेळावा भरे आणि तिथे गावोगावच्या मंडळींतल्या बायका आपण लिहिलेलं वाचून दाखवत. हन्नाबाईंच्या गोष्टीतले दारुडेसुद्धा उपदेशकासारखे बोलत. झिंगून आलेला नवरा बायकोला म्हणे, 'दुष्ट स्त्रिये, तू माझी आज्ञा पाळत नाहीस.' मेळाव्यात टाळ्या पडत. दारव्ह्याच्या चर्चचे पाळक हिरासिंग राठोड तेवढे मिशीत हसत. ते बंजारा तांड्यावर वाढलेले, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. एकदा त्यांनी विचारलं, "हन्नाताई, तुमच्या गोष्टीतला मानूस शेवटी रडून पश्चात्ताप करते. पन त्यानं केलं काय, हेच दिसत नाही. मंग पश्चात्ताप कायचा करून राह्यला तो?"

हन्नाबाई हसल्या आणि विषय बदलला.

त्यानंतर उन्हाळ्यात एक दिवस पायल दुकानात आली. ती त्यांच्याच चर्चच्या मंडळीतली. नवरा विक्की दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवी आणि रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवी. त्याचा बाप चर्चच्या पंचांमधला. विक्की सगळ्यांच्या अडल्यानडल्याला धावून जाणारा, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवणारा. हन्नाबाईंच्या वडिलांना तर तो 'आजोबा' म्हणे.

पायलच्या कडेवर तिची चिमुरडी होती. तिला खाली ठेवून पायलने खुर्ची आत ओढली आणि सांगायला लागली. मार, उपास, बाहेरून कडी लावणं. हन्नाबाई टाइप करत गेल्या.

"शिव्या देते?"

"हाव."

"अश्लील शिवीगाळ," हन्नाबाई पुटपुटल्या आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

मुलगी टेबलाच्या काठावर हनुवटी टेकवून प्रिंटरकडे पाहत होती. हन्नाबाईंनी खणातून बिस्किटाचा पुडा काढला आणि कुणीही लहान पोराला विचारतं तसं विचारलं, "नाव काय बाई तुह्यं?"

"रांड," मुलगी म्हणाली.

तिने मान खाली घातली नाही, आवाज चढवला नाही. दुसरं पोर 'सोनी' म्हणेल, 'पिंकी' म्हणेल, तसं तिने सांगितलं आणि बिस्किटासाठी हात पुढे केला.

पायल जमिनीकडे पाहत होती. "दीपा नाव हाये तिचं," ती म्हणाली. "तो घरात आला का तिले असाच आवाज देते. पोरगी झाली नं, म्हनून. आता दीपा म्हटलं त वळूनच पाहात नाही ते."

तक्रार छापून झाली. पायलने ती घडी घालून पोलक्यात ठेवली, पण ठाण्यापर्यंत ती गेलीच नाही. वाटेत सासऱ्याने पाहिलं आणि घरी नेलं. पुढच्या रविवारी विक्की नेहमीसारखा ढोलकी वाजवत होता, पायल बायकांच्या रांगेत पोरीला घेऊन बसली होती, आणि हन्नाबाईंना गीताची ओळ सापडत नव्हती.

दोन-चार दिवसांनी विक्की दुकानात आला. बाहेरची खुर्ची त्याने उचलून आत घेतली, बायका घेतात तशी.

"ताई, पायल आलती म्हनते तुमच्याकडं."

"उत्पन्नाच्या दाखल्याचं इचारत होती," हन्नाबाई म्हणाल्या. आयुष्यात एवढं सरळ खोटं त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या.

"असन, असन." तो हसला. पत्र्याकडे पाहिलं, दाराच्या कडीकडे पाहिलं. "जागा मस्त हाये तुमची. दिवसभर एकल्याच असता नं?"

एवढंच बोलला आणि गेला. धमकी म्हणावी तर त्यात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून जीपचा हॉर्न ऐकला की हन्नाबाईंचे हात की-बोर्डवर थांबायला लागले.

गोष्ट त्यांनी लिहायला घेतली ती या भीतीतच. दुसरं काही सुचेनाच. सगळं बदललं. दारव्हा काढून उमरखेडकडची वीटभट्टी घातली, जीपवाल्याचा मुकादम केला, टायपिंगवालीची अंगणवाडीची बाई केली. बाई मुलीला नाव विचारते, मुलगी सांगते. तिथे येऊन लिखाण अडलं.

आधी त्यांनी लिहिलं, 'मुलीने एक घाणेरडा शब्द सांगितला.' वाचून पाहिलं तर पोरच घाणेरडी झाली होती आणि ज्याने तो शब्द तिच्या अंगावर टाकला त्याचं तोंड स्वच्छ राहिलं होतं. मग पहिलं अक्षर लिहून पुढे टिंबं दिली. ती टिंबं बस स्टँडवर मिळणाऱ्या चावट पुस्तकासारखी दिसायला लागली, वाचणाऱ्याला डोळा मारणारी. दोन्ही खोडलं. शेवटी पूर्ण शब्द टाइप केला. पडद्यावर तो शब्द बाकीच्या शब्दांएवढाच होता, तरी त्यांना दुसरं काही दिसेना. उठून मागे जाऊन त्यांनी चूळ भरली, लिहिताना तोंड उघडलं नव्हतं तरी.

कागद घेऊन त्या हिरासिंग पाळकांकडे गेल्या. चर्चच्या ओसरीवर बसून त्यांनी तो वाचला. मुलगी कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

"ख्रिस्ती मानसानं असं लिहावं का, पाळकसाहेब?" हन्नाबाईंनी विचारलं. "खरं सांगा. मले झोप नाही."

"तुमी लिहा म्हनून मी सांगत नाही," हिरासिंग म्हणाले. "तेवढी हिंमत नाही माह्यात. उद्या पंच मलेच इचारतीन." मग म्हणाले, "बायबलातली काही पानं आपन लेकरांसमोर मोठ्यानं वाचत नाही. पन ती पानं कोनी फाडून बी टाकली नाही नं. शिवी देनं येगळं, दिलेली शिवी सांगनं येगळं, असं मले वाटते. पन ऐकनाराच्या कानात दोन्ही सारखीच जाते, ताई. त्याच्यावर माह्याजवळ उत्तर नाही."

हन्नाबाईंनी आठवडी बाजारात पायलला गाठलं. भाजीच्या पालाआड उभं राहून, इकडेतिकडे पाहत, सगळं सांगितलं. गाव बदललंय, धंदा बदललाय, नाव कुणाचंच नाही.

"मंग वाचा," पायल म्हणाली.

"अन् तो शब्द?"

पायल मेथीची जुडी उलटीपालटी करत राहिली. "तो काढला त मंग त्यानं केलं काय?"

"मले भेव वाटते, पायल."

"मले त रोजच वाटते," ती म्हणाली आणि मेथी पिशवीत घालून निघून गेली.

वडिलांना सांगायचं राहिलं होतं. वामनरावांची नजर जवळजवळ गेली होती, ऐकू मात्र चांगलं येई. हन्नाबाईंनी त्यांना गोष्ट वाचून दाखवली आणि त्या जागी आल्यावर शब्द गाळून पुढे गेल्या. "चांगली हाये," म्हातारे म्हणाले. "या खेपी मी बी येतो ऐकाले."

मेळाव्याला जायला मंडळींनी विक्कीचीच जीप ठरवली होती. हन्नाबाईंना हे कळलं तेव्हा अंगात कणकण असल्याचं सांगून घरी राहावं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण सकाळी जीप दाराशी आली, विक्कीने उतरून म्हाताऱ्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, आणि वडिलांना एकटं पाठवणं काही त्यांना जमेना. त्या वडिलांच्या आणि विक्कीच्या मध्ये बसल्या. मागे बायका गीतं म्हणत होत्या. त्यांच्यात पायलही होती, मांडीवर दीपा.

"ताई, यंदा कायची गोष्ट हाये?" विक्कीने गिअर टाकत विचारलं.

"वीटभट्टीची."

"वा. येगळाच विषय घेतला."

रस्त्याभर हन्नाबाईंनी पिशवी पोटाशी धरून ठेवली होती. आतला कागद बाहेरून दिसतोय असं त्यांना वाटत होतं. कपाशीची शेतं मागे जात होती आणि त्या मनातल्या मनात एकच प्रार्थना करत होत्या, की वाटेत जीप बंद पडू दे.

जीप काही बंद पडली नाही.

चर्चच्या सभागृहात सतरंज्या घातल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षा इंदूबाई, निवृत्त शिक्षिका, समोर टेबलाशी बसल्या होत्या. वामनरावांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. हिरासिंग पाळक खिडकीपाशी. विक्की मागच्या दाराला टेकून मोबाईल पाहत उभा होता. हन्नाबाईंचं नाव पुकारलं गेलं.

पहिलं पान वाचेपर्यंत आवाज ठीक होता. पान उलटलं आणि खालच्या बाजूला तो शब्द दिसला. अजून चार ओळी होत्या. घरी गाळला तसा गाळता येईल, कुणाला कळणार नाही, असं मन म्हणू लागलं. तीन ओळी उरल्या. समोर बापाचा पांढरा, आंधळा, ऐकणारा चेहरा. दाराशी विक्की. दोन ओळी. अंगणवाडीची बाई म्हणाली, 'नाव काय बाई तुझं?' हन्नाबाईंनी डोळे मिटले आणि वाचलं.

"रांड."

माइकमुळे तो शब्द होता त्यापेक्षा मोठा झाला. सभागृहात कुणीतरी 'अग माय' म्हटलं. आणि त्या शांततेत बायकांच्या मधोमध एक बारीक आवाज आला.

"ओ."

दीपाने आईच्या बांगडीशी चाललेला खेळ थांबवून मान वर केली होती. हाक कुठून आली ते ती शोधत होती. कुणीच काही बोललं नाही, म्हणून तिने पुन्हा ओ दिली, जरा मोठ्याने.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. माना आधी पोरीकडे वळल्या, मग पायलकडे, मग दाराकडे. गाव बदललं होतं, धंदा बदलला होता, नावं पुसली होती, आणि एका शब्दाने सगळ्यांना त्या घरात नेऊन उभं केलं होतं. आपण हे काय करून बसलो, एवढंच हन्नाबाईंच्या मनात होतं. आता तो पायलला मारणार. आज घरी गेल्यावर हिला जिवंत ठेवणार नाही. उरलेली गोष्ट त्यांच्याने वाचवेना.

इंदूबाई उठल्या. त्यांनी माइकचं बटण बंद केलं, "चहा घ्या सगळ्या," म्हणाल्या आणि सरळ जाऊन पायलशेजारी सतरंजीवर बसल्या.

विक्की पुढे आला. चेहऱ्यावर अजून थोडं हसू होतं. "चाल पायल. निघू आपन."

पायल उठली नाही.

"ती आज माझ्याकडे राहील," इंदूबाई म्हणाल्या.

"कायले?"

"मी ठेवून घेतेय म्हणून."

विक्की मुलीला घ्यायला वाकला. दीपाने आईच्या पदरात तोंड खुपसलं. तोवर हिरासिंग खिडकीपासून चालत आले होते आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले होते. "विक्की, तू जीप घेऊन जाय," ते म्हणाले. "बायका एसटीनं येतीन."

विक्कीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. बाहेर पडताना तो हन्नाबाईंजवळ थांबला. "ताई," तो हळूच म्हणाला, "तुमी राहता त दारव्ह्यालेच नं."

परतीची बस लाडखेडला पोचली. वामनराव म्हणाले, "घरी वाचतानी तो शब्द गाळला होता तुनं."

"हाव, बाबा."

"मले फसवलं."

"हाव."

"मी नसता लिहिला," म्हातारे म्हणाले. "आज बी म्हनतो, लिहू नाही. देवाच्या घरात नाही." बस खड्ड्यातून गेली, त्यांनी समोरचा दांडा धरला. "विक्कीच्या घरी प्रार्थनेले जातो मी. जेवतो. त्या पोट्टीले नाव इचाराचं काई सुचलं नाही मले कधी."

हन्नाबाईंनी त्यांचा हात धरला.

पुढे पंच बसले. विषय एकच ठेवला होता, मेळाव्यात अपवित्र शब्दाचा उच्चार. विक्कीचा विषय त्यात नव्हता. त्याचा बाप पंचांमध्येच बसला होता. हन्नाबाईंना उभं करून विचारलं गेलं. त्यांनी भांडण केलं नाही, भाषण केलं नाही. त्या इतक्या घाबरलेल्या होत्या की खुर्चीची पाठ धरूनच बोलल्या. "तो शब्द माह्या तोंडून गेला, त्याचं उत्तर मी देवाले देईन. पायलची माफी म्या मागितली हाये. तुमची कायची मागू ते मले समजत नाही." उपासनेत बायबलचं वचन वाचायची त्यांची पाळी काढून घेण्यात आली. त्यांनी मान डोलावली. शेवटी हिरासिंगांनी दुसरा विषय काढला, विक्कीने ढोलकीला हात लावायचा नाही. त्यावर विक्कीचा बाप आणि आणखी दोघं उठून गेले. आजही ते उपासनेला येत नाहीत, आणि हिरासिंगांची बदली होणार असं मंडळीत बोललं जातं.

पायल यवतमाळातच राहिली. इंदूबाईंनी तिला एका खाणावळीत पोळ्या लाटायचं काम मिळवून दिलं. तक्रार द्यायची ठरली तेव्हा तिने हन्नाबाईंनाच फोन केला, "या खेपी जसं हाये तसं लिहा." हन्नाबाईंनी तसं लिहिलं आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर कागद पाठवून दिले. ठाण्यातला जमादार वाचताना मध्येच थांबला म्हणे, मग त्याने पोरीकडे पाहिलं आणि पुढे वाचत गेला. खटला चालू आहे. तारखा पडतात. दीपा कधी 'दीपा' म्हटल्यावर वळते, कधी नाही. शाळेत एका पोराने भांडणात कुणाला तरी तो शब्द म्हटला तर ती उठून उभी राहिली, असं पायलने फोनवर सांगितलं. त्या दिवशी हन्नाबाईंना जेवण गेलं नाही.

आपण केलं ते बरं की वाईट, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. कुणी शाबासकी दिली तर त्या कावऱ्याबावऱ्या होतात, कुणी नाक मुरडलं तर त्यांना ते बरोबरच वाटतं. गोष्टी लिहिणं चालू आहे. नव्या गोष्टीत एक ट्रकवाला आहे. त्याच्या तोंडी त्यांनी तीन शिव्या घातल्या आणि दोन काढून टाकल्या. त्या नसत्या तरी काही अडत नव्हतं, नुसता रुबाब होता. तिसरी ठेवायची की नाही यावर त्या बरेच दिवस अडल्या आहेत. देवाची भीती आहे, बापाची आहे, ज्या कुणाबद्दल लिहितोय त्याच्या घरात काय होईल त्याचीही आता आहे, आणि ही शेवटची सगळ्यांत मोठी आहे.

विक्की अजून जीप चालवतो. पावसाळ्यात एका सकाळी दुकानाच्या खिडकीची काच फुटलेली सापडली. कुणी फोडली ते कुणी पाहिलं नाही. हन्नाबाईंनी तिथे पुठ्ठा लावला आहे, दार आतून लावून घेतात, आणि गिऱ्हाईकाने आधी नाव सांगितल्याशिवाय उघडत नाहीत. काळी-पिवळी कचेरीसमोर थांबली की त्या बोटं उचलून ऐकत बसतात. ती निघून गेली की जिथे सोडलं होतं तिथून पुढे टाइप करतात.